०.३ म्हणजे दुप्पट: भूकंप, आवाज आणि सामू यांच्या आकड्यांमागचा लॉग

मोठा भूकंप झाला की तासाभरात एक आकडा बातम्यांत येतो. समजा, ६.३. संध्याकाळपर्यंत तोच आकडा सुधारून ६.५ केला जातो. वाचणाऱ्याला वाटतं, दशांश चिन्हापुढचा किरकोळ फरक असेल. पण त्या सुधारणेचा अर्थ असा असतो की बाहेर पडलेली ऊर्जा सकाळच्या अंदाजाच्या दुप्पट होती. ८ चा भूकंप हा ४ च्या भूकंपाच्या दुप्पट मोठा, असं समजणं तर फारच महागात पडेल. त्या दोघांच्या ऊर्जेत दहा लाख पटींचा फरक आहे.

असंच काहीसं आवाजाच्या डेसिबलचं आणि आम्लता सांगणाऱ्या सामूचं होतं. हे सगळे आकडे ज्या रीतीनं मोजलेले असतात तिचं नाव लॉगरिदम. शाळेत नुसतं ‘लॉग’ म्हणतात, परिभाषेच्या पुस्तकांत ‘लघुगणक’ असाही शब्द सापडतो. शाळेत त्याची सूत्रं पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरली जातात. त्या सूत्रांतलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर २ चा लॉग ०.३ एवढं ठेवावं. बातम्यांमधले बरेचसे लॉगचे आकडे तेवढ्यावर वाचता येतात.

## लॉग म्हणजे पायरीचा क्रमांक

१० × १० × १० = १०००. इथे १० तीनदा आला, म्हणून १००० चा लॉग ३. तसाच १०० चा २ आणि दहा लाखांचा ६. ज्या संख्येनं आपण गुणत जातो तिला ‘पाया’ म्हणतात. पाया २ घेतला तर ३२ चा लॉग ५ होईल, कारण पाच वेळा २ घेऊन गुणाकार केला की ३२ मिळतात. या लेखात वेगळं सांगितलं नसेल तिथे पाया १० समजावा.

एक जिना डोळ्यांसमोर आणा. तळाच्या पायरीवर १ लिहिलेला आहे, वरच्या पायरीवर १०, त्याच्या वर १००, मग १०००. पाऊल टाकायला कष्ट तेवढेच, पण पायरीवरचा आकडा दर वेळी दहापट होतो. लॉग म्हणजे तुम्ही उभे आहात त्या पायरीचा क्रमांक. तळाच्या पायरीचा क्रमांक शून्य, म्हणून १ चा लॉग शून्य.

जिना तळघरातही उतरतो. तिथे ०.१ हा −१ व्या पायरीवर, ०.०१ हा −२ व्या पायरीवर. कितीही खाली गेलात तरी दर वेळी आधीच्या आकड्याचा दहावा भाग उरतोच, शून्य कधी येत नाही. शून्याचा लॉग कॅल्क्युलेटरला विचारला की तो ‘एरर’ दाखवतो, त्याचं कारण हेच. ती पायरी जिन्यावर नाहीच.

## दोन पायऱ्यांच्या मध्ये काय आहे?

खरी अडचण इथे येते. ‘तीन वेळा गुणलं’ हे समजतं, पण ‘अर्ध्या वेळा गुणलं’ म्हणजे काय?

अर्धी पायरी चढणं म्हणजे अशा संख्येनं गुणणं, की दोनदा गुणलं तर बरोबर दहापट व्हावी. अशी संख्या ३.१६२, कारण ३.१६२ × ३.१६२ जवळपास १० होतात. म्हणून ३.१६२ चा लॉग ०.५. अर्धी पायरी म्हणजे ५ नव्हे, हे एकदा नीट पचलं की पुढचं सगळं सोपं होतं.

आता दुपटीकडे वळू. २ दहा वेळा घेऊन गुणाकार केला तर १०२४ येतात. १०२४ म्हणजे जवळजवळ १०००, आणि १००० तिसऱ्या पायरीवर. दहा दुपटींत तीन पायऱ्या चढल्या, म्हणजे एका दुपटीला ०.३ पायरी. अचूक किंमत ०.३०१०, पण रोजच्या वापराला ०.३ पुरते.

एवढ्या भांडवलावर लॉगचं छोटं कोष्टक तोंडी मांडता येतं. ४ म्हणजे दोन दुपटी, लॉग ०.६. ८ म्हणजे तीन, ०.९. ५ म्हणजे १० ची निमपट, म्हणून १ − ०.३ = ०.७. तीनसाठी थोडी युक्ती लागते. ३ × ३ × ३ × ३ = ८१, म्हणजे जवळपास ८०. ८० चा लॉग १.९, त्याचा चौथा भाग ०.४७५, खरी किंमत ०.४७७१. सातासाठी ७ × ७ = ४९, म्हणजे जवळपास ५०. ५० चा लॉग १.७, त्याचं अर्ध ०.८५, खरी किंमत ०.८४५१. कागदावर एकदा स्वतः करून पाहण्यासारखं आहे. कोष्टकातले आकडे आकाशातून पडलेले नाहीत, हे त्यातून कळतं.

## गुणाकाराची बेरीज कशी होते

१०० ला १००० नं गुणायचं म्हणजे दुसऱ्या पायरीवरून आणखी तीन पायऱ्या चढायच्या. पोहोचतो पाचव्या पायरीवर, एक लाखावर. म्हणजे गुणाकार करायचा असेल तर लॉगची बेरीज करायची, भागाकाराला वजाबाकी.

स्कॉटलंडच्या जॉन नेपियर यांनी १६१४ मध्ये ही कल्पना कोष्टकांसह प्रसिद्ध केली, तेव्हा खगोल अभ्यासक आणि नाविक आठ-आठ अंकी गुणाकार हातानं करत होते. पुढच्याच वर्षी लंडनचे गणिताचे प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज त्यांना भेटायला एडिंबरोला गेले आणि पाया १० घेऊन कोष्टक नव्यानं करायचं ठरलं. ब्रिग्ज यांनी १० चं वर्गमूळ काढलं, त्याचं पुन्हा वर्गमूळ, असं ओळीनं ५४ वेळा. दर वर्गमुळाला पायरी निम्मी होते, म्हणजे त्यांनी एकाच पायरीचे अर्ध्याचे अर्धे असे तुकडे पाडत नेले आणि त्या तुकड्यांवरून बाकीच्या संख्यांचे लॉग बांधले. १६२४ मध्ये त्यांचं ३०,००० संख्यांचं कोष्टक आलं, प्रत्येक लॉग १४ दशांश स्थळांपर्यंत. हे सगळं हातानं. त्या कामापुढे मान आपोआप झुकते.

रीत अशी. ३४७ × ५८.२ करायचे आहेत. ३४७ हे १०० आणि १००० यांच्या मध्ये, म्हणून लॉगचा पूर्णांक २. पुढचा भाग कोष्टकातून ०.५४०३. एकूण २.५४०३. तसाच ५८.२ चा १.७६४९. बेरीज ४.३०५२. आता उलट जायचं, त्याला अँटिलॉग म्हणतात. ०.३०५२ समोर २.०१९ मिळतात, पूर्णांक ४ आहे म्हणून दहा हजारपट करायचं: २०,१९०. खरं उत्तर २०,१९५.४. चार स्थळांच्या कोष्टकातून एवढी चूक येणारच.

गडबड होते ती एकपेक्षा लहान संख्यांपाशी. ०.०२ चा लॉग कोष्टकाच्या पद्धतीत ‘बार २ दशांश ३०१०’ असा लिहितात. तो बार, म्हणजे डोक्यावरची आडवी रेघ, फक्त २ वर असतो. अर्थ −२ + ०.३०१०, म्हणजे −१.६९९०. सगळ्यालाच वजा चिन्ह लावून −२.३०१० लिहिलं की उत्तर ०.००५ चं होतं, चौपट चुकीचं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे दोन संख्यांच्या बेरजेचा लॉग हा त्यांच्या लॉगची बेरीज समजणं. लॉगची बेरीज गुणाकाराची असते. दोन संख्यांच्या बेरजेसाठी लॉगकडे कुठलाही सोपा रस्ता नाही.

१९७२ मध्ये खिशात मावणारा आणि लॉग काढणारा कॅल्क्युलेटर बाजारात आला आणि कोष्टकांचं काम संपत गेलं. मग लॉग कशाला शिकायचा, हा प्रश्न रास्त आहे. गुणाकारासाठी आता खरंच नको. पण मधल्या साडेतीनशे वर्षांत विज्ञानानं मोजपट्ट्याच लॉगमध्ये आखल्या, आणि त्या वाचायला तो लागतो.

## भूकंप: एक पट्टी, दोन हिशेब

१९३५ मध्ये चार्ल्स रिश्टर यांनी कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी पट्टी आखली. ठरावीक जातीच्या भूकंपमापकाच्या कागदावर सुई मधल्या रेषेपासून किती हलली, ते अंतर म्हणजे आयाम. केंद्रापासून १०० किलोमीटरवर आयाम १ मिलिमीटर असेल तर भूकंप ३ चा. १० मिलिमीटर असेल तर ४ चा. म्हणजे एक आकडा वाढला की सुईचं हलणं दहापट.

ऊर्जेचा हिशेब वेगळा. एक आकडा वाढला की ऊर्जा दहापट होत नाही, तर दीड पायरी चढते, म्हणजे सुमारे ३२ पट. दोन आकड्यांना तीन पायऱ्या, म्हणजे हजारपट. आणि ०.२ वाढलं तर १.५ × ०.२ = ०.३. ओळखीचा आकडा: दुप्पट. सुरुवातीच्या ६.३ आणि ६.५ चं कोडं इथे सुटतं.

१९६० च्या चिलीच्या भूकंपाचा आकडा ९.५ आहे आणि २०११ च्या जपानच्या भूकंपाचा ९.१ धरला जातो. फरक ०.४, म्हणजे दोन दुपटी. चिलीत चौपट ऊर्जा बाहेर पडली.

बातम्यांमध्ये अजून ‘रिश्टर स्केल’ म्हणतात, पण मोठ्या भूकंपांसाठी ती मूळ पट्टी आता वापरत नाहीत. फार मोठ्या भूकंपाची बरीचशी ऊर्जा संथ, लांब लहरींमध्ये असते. रिश्टर यांच्या मापकाला जलद लहरी चांगल्या दिसत, संथ लहरी निसटत, त्यामुळे सातच्या आसपास आकडा अडायला लागे. १९७९ मध्ये आलेली आजची पट्टी खडकाचा किती भाग किती सरकला यावर बेतलेली आहे. नवी पट्टी अशी जुळवली, की लहान आणि मध्यम भूकंपांचे आकडे जुन्यासारखेच यावेत.

आणखी एक घोळ भाषेचा आहे. आपण या आकड्याला ‘तीव्रता’ म्हणतो, पण तीव्रता म्हणजे एखाद्या ठिकाणी जाणवलेला हादरा. ती केंद्रापासूनचं अंतर, खोली आणि जमिनीचा प्रकार यांनुसार बदलते. लॉगचा आकडा भूकंपाच्या उगमाचा असतो, प्रत्येक भूकंपाला एकच.

भूकंप −१ चाही असतो. १ मिलिमीटरला ३ म्हटल्यावर त्याच्या हजाराव्या भागाला ० येतं, आणि त्याहून लहान हादरे तळघरात जातात.

## आवाज: ६० आणि ६० मिळून ६३

डेसिबल म्हणजे बेलचा दहावा भाग. एकक टेलिफोनच्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून आलं. शून्य डेसिबल ही ऐकू येण्याची साधारण किमान पातळी, दर चौरस मीटरला एका वॅटचा लाख कोटीवा भाग. प्रत्यक्ष आवाज त्याच्या किती पट, त्याचा लॉग काढायचा आणि १० नं गुणायचं. म्हणजे पूर्ण पायरी १० डेसिबलची, आणि दुप्पट म्हणजे १० × ०.३ = ३ डेसिबल.

एक यंत्र ६० डेसिबलचं आहे. शेजारी तसंच दुसरं सुरू केलं. ऊर्जा दुप्पट, आवाज ६३ डेसिबल. १२० मुळीच नाही.

८० डेसिबलच्या यंत्राशेजारी ६० डेसिबलचं सुरू केलं तर? दोन पायऱ्यांचा फरक, म्हणजे दुसऱ्याची ऊर्जा पहिल्याच्या शंभरावा भाग. एकूण ८०.०४ डेसिबल. मापकाला सुद्धा फरक कळणार नाही. आवाज कमी करण्याची सुरुवात नेहमी सर्वांत मोठ्या यंत्रापासून का करायची, ते यातून दिसतं. छोटी दहा बंद करून काही हाती लागत नाही.

दुप्पट ऊर्जा कानाला दुप्पट वाटत नाही. ३ डेसिबलची वाढ जेमतेम जाणवते, दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. इथेच धोका आहे, कारण इजा ऊर्जेवर ठरते. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संशोधन संस्थेची शिफारस दिवसाला ८५ डेसिबल, ८ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. ८५ आणि १०० कागदावर जवळचे दिसतात. ऊर्जेत बत्तीसपट अंतर आहे.

## सामू: सरासरी काढण्याआधी थांबा

सामू हे माप डेन्मार्कच्या सोरेन सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये सुचवलं. एका लिटर द्रावणात हायड्रोजन आयन किती मोल आहेत, त्याचा लॉग घेऊन चिन्ह उलटं करायचं. मोल हे रसायनशास्त्रातलं कण मोजण्याचं एकक. शुद्ध पाण्यात २५ अंश सेल्सिअसला एका मोलचा कोटीवा भाग असतो, म्हणून सामू ७. चिन्ह उलटं असल्यानं आकडा खाली गेला की आम्लता वाढते.

माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. तो ७.४ वरून ७.१ झाला तर ०.३ चा फरक, म्हणजे हायड्रोजन आयन दुप्पट. आकडा किरकोळ दिसला तरी डॉक्टर धावपळ का करतात, ते कळेल. समुद्राच्या वरच्या थराचा सामू औद्योगिक क्रांतीपासून सुमारे ०.१ नं उतरून ८.१ च्या आसपास आला आहे. तेवढ्यातही हायड्रोजन आयन सुमारे २६ टक्क्यांनी वाढले.

आता चाचणी. सामू ४ आणि सामू ६ अशी तीव्र आम्लाची दोन पातळ द्रावणं सारख्या मापानं मिसळली. सामू किती? बहुतेक जण ५ म्हणतात. पण ६ च्या द्रावणात ४ च्या मानानं शंभरावा भागच आम्ल आहे. म्हणजे आपण ४ च्या द्रावणात जवळपास तेवढंच पाणी घातलं. आम्ल निम्मं झालं, सामू ०.३ नं वाढला: ४.३. लॉगच्या आकड्यांची थेट सरासरी काढू नये. आधी मूळ प्रमाणात यावं, सरासरी काढावी, मग पुन्हा लॉग घ्यावा.

## ‘मग खरे आकडेच का सांगत नाहीत?’

कारण ते एका कागदावर मावत नाहीत. सामूच्या नेहमीच्या ० ते १४ या पट्टीवर हायड्रोजन आयनांचं प्रमाण एक कोटी कोटी पटींनी बदलतं. साधी पट्टी घेतली तर एक टोक दिसेल आणि बाकी सगळं शून्याला चिकटेल.

आलेखांचंही तसंच. २०२० मध्ये करोनाच्या साथीत लॉग अक्षाचे आलेख घरोघरी पोहोचले आणि गैरसमजही तितकेच पसरले. अशा आलेखावर उभ्या अक्षाच्या खुणा १, १०, १००, १००० अशा असतात, आणि सारखं अंतर म्हणजे सारखी पट. रोज ठरावीक टक्क्यांनी वाढणारी गोष्ट तिथे सरळ रेष दिसते. रेषेचा चढ कमी व्हायला लागला की टक्केवारी उतरतेय, पण रुग्णांची संख्या तरीही वाढतच असते.

‘हा आलेख संकट लहान करून दाखवतो’ हा आक्षेप निराधार नाही. रुग्णालयात किती खाटा लागतील हे कळायला साधा अक्षच बरा, वाढीचा वेग बदलतोय का हे कळायला लॉग. दोन्ही शेजारी शेजारी छापावेत. लॉग अक्षावर स्तंभालेख मात्र काढूच नये. स्तंभाची उंची शून्यापासून मोजायची असते आणि इथे शून्यच नाही, त्यामुळे स्तंभ कुठून सुरू करायचा हे काढणाऱ्याच्या मर्जीवर राहतं.

## किती वेळ लागेल?

एखादी गोष्ट दर वर्षी ७ टक्क्यांनी वाढते, दुप्पट कधी होईल? २ च्या लॉगला १.०७ च्या लॉगनं भागायचं: ०.३०१० ÷ ०.०२९४, म्हणजे १० वर्षं आणि वर तीनेक महिने. ७० ला टक्केवारीनं भागायचा ठोकताळा यातूनच निघतो.

जुन्या लाकडात कार्बन-१४ चा पाचवा भाग उरला आहे. ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. ५ चा लॉग ०.७, भागिले ०.३, म्हणजे सुमारे २.३ वेळा निम्मा झाला: साधारण १३,३०० वर्षं. हवेतलं कार्बन-१४ सगळ्या काळात सारखं नव्हतं, म्हणून हा आकडा पुढे झाडांच्या वार्षिक कड्यांशी ताडून दुरुस्त करतात.

दहा लाख नावांच्या अकारविल्हे यादीत एक नाव शोधताना दर वेळी मधलं नाव पाहून अर्धी यादी सोडली तर ६ ÷ ०.३ = २० वेळांत काम होतं.

संगणकावर हे करताना एक खड्डा टाळावा. कॅल्क्युलेटरवर लॉगची दोन बटणं असतात. एकाचा पाया १०, दुसऱ्याचा पाया ‘ई’ म्हणजे २.७१८२८…, त्याला नैसर्गिक लॉग म्हणतात. एक्सेलमध्ये ‘लॉग’ लिहिलं की पाया १० धरला जातो, पायथॉन या संगणकभाषेत तेच नाव नैसर्गिक लॉगचं आहे. दोघांत २.३०३ पटींचा फरक. शुद्ध पाण्याचा सामू १६.१ आला तर बटण चुकलं. दुपटीच्या हिशेबात मात्र कुठलाही पाया चालतो, कारण भागाकारात तो फरक निघून जातो.

## झिजलेली पानं

१८८१ मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकम यांनी एक गोष्ट टिपली. लॉगच्या पुस्तकांची पहिली पानं, म्हणजे १ नं सुरू होणाऱ्या संख्यांची, शेवटच्या पानांपेक्षा खूप जास्त मळलेली आणि झिजलेली असत. १९३८ मध्ये फ्रँक बेनफर्ड या भौतिकशास्त्रज्ञानं नद्यांच्या क्षेत्रांपासून लोकसंख्येपर्यंत हजारो आकडे तपासून तेच पुन्हा दाखवलं. पहिला अंक १ असण्याचं प्रमाण सुमारे ३०.१ टक्के, ९ असण्याचं ४.६ टक्के.

३०.१ कुठून आलं हे आता सांगायला नको. जिन्याच्या एका पायरीत १ पासून २ पर्यंतचा भाग ०.३०१ असतो, ९ पासून १० पर्यंतचा जेमतेम ०.०४६. आकडे अनेक पायऱ्यांवर पसरलेले असतील तर ते या भागांच्या प्रमाणात वाटले जातात. लेखापरीक्षक याच आधारावर संशयास्पद हिशेब वेगळे काढतात. पुढे तपासावं इतपत तो इशारा असतो, गैरव्यवहाराचा पुरावा नसतो. आणि सगळीकडे हा नियम लागूही पडत नाही. प्रौढ माणसांची सेंटिमीटरमधली उंची घेतली तर जवळपास सगळे आकडे १ नंच सुरू होतात, कारण सगळ्यांची उंची एकाच पायरीच्या एका छोट्याशा तुकड्यात मावते.